गव्हाणीतला देव

कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत भाविक आपल्या विश्वासाची कबुली देणारी एक प्राचीन प्रार्थना उभ्यानं म्हणतात. देव एकच आहे, त्यानं आकाश आणि पृथ्वी घडवली, असं म्हणत म्हणत ती एका जागी येते. देवाचा पुत्र मरियेच्या उदरी मनुष्य झाला, अशा अर्थाचे शब्द तिथं आहेत. त्या शब्दांशी सगळे जरा मान लववतात आणि पुढं जातात. वर्षातून दोन दिवस मात्र एवढ्यावर भागत नाही. एक २५ मार्च, म्हणजे देवदूतानं मरियेला निरोप दिला तो सण. आणि दुसरा नाताळ. या दोन दिवशी ते शब्द आले की अख्खं चर्च गुडघ्यांवर येतं. म्हातारी माणसं बाकाच्या कडेला धरून, हाडं कुरकुरवत खाली होतात. नव्या कपड्यांतली पोरं आधी इकडंतिकडं बघतात, मग आईनं खांदा दाबला की टेकतात. अर्ध्या मिनिटात सगळे पुन्हा उभे राहिलेले असतात. सजावट बघायला आलेल्या पाहुण्याच्या हे लक्षातही येत नाही.

नाताळचा आतला अर्थ शोधायचा तर या अर्ध्या मिनिटाशी थांबावं लागतं. थोर पुरुषाची जयंती म्हणून कुणी असे गुडघे टेकत नाही. इथं जे मानलं जातं ते फार धाडसाचं आहे. दोन हजार वर्षांच्या सवयीनं त्याची धार गेली, एवढंच. ज्यानं विश्व निर्माण केलं तो स्वतः एका लहानशा गावात, एका गरीब बाईच्या पोटी, तान्हं मूल होऊन आला. त्याला भूक लागली, अंगावर पाजावं लागलं, थंडी वाजू नये म्हणून गुंडाळून ठेवावं लागलं. धर्मशास्त्रात याला देहधारण म्हणतात. झाड, तारा, केक, तांबड्या डगल्यातला सांता हे सगळं मागाहून या एका गोष्टीभोवती जमलं.

इतकी मोठी गोष्ट, तर पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी जन्माचा सण लगोलग सुरू केला असेल, असं वाटतं. तसं झालं नाही. सुरुवातीची दोन-अडीच शतकं त्यांचा मोठा सण एकच होता, तो पुनरुत्थानाचा. मार्कचं शुभवर्तमान चारांत सर्वांत जुनं मानतात. ते यार्देन नदीकाठी, मोठ्या झालेल्या येशूच्या बाप्तिस्म्यापासून सुरू होतं. पौलाच्या पत्रांत जन्माचा उल्लेख जेमतेम ओझरता. जन्मकथा सांगतात ते मत्तय आणि लूक, तेही दोन तऱ्हांनी. मत्तयाकडे पूर्वेचे ज्ञानी लोक, तारा आणि हेरोद राजा. लूककडे नावनिशी, गव्हाण आणि मेंढपाळ. आपल्या गोठ्याच्या देखाव्यात ही दोन्हीकडची मंडळी एका छपराखाली दाटीवाटीनं उभी असतात, आणि त्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही.

हा उशीर समजून घेतला पाहिजे. क्रूसावर मेलेला तो पुन्हा उठला, हा विश्वास आधी आला. मग प्रश्न पडला, की असा हा होता तरी कोण? त्या प्रश्नाचं बोट धरून ते मागं मागं जात बेथलेहेमला पोचले.

तारखेच्या वादात मी फार शिरत नाही. रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात २५ डिसेंबरची नोंद सापडते; ती मुळात ३३६च्या सुमाराची असावी, असं मानतात. सम्राट ऑरेलियननं २७४ साली अजिंक्य सूर्याची उपासना राजमान्य केली, तिच्या उत्सवावर ख्रिस्ती सण बसवला, असं काही अभ्यासक म्हणतात. दुसरं मत असं, की ख्रिस्ताचं मरण २५ मार्चला झालं अशी एक जुनी गणना होती. त्याचा गर्भवासही त्याच तारखेला सुरू झाला असं धरलं आणि नऊ महिने मोजले. वाद मिटलेला नाही. मला दुसरं मत अधिक बोलकं वाटतं, कारण त्यात पाळणा आणि क्रूस एकाच तारखेला बांधलेले आहेत. खुद्द बेथलेहेमात तर नाताळ तीनदा होतो: पाश्चात्त्य मंडळींचा २५ डिसेंबरला, जुनी कालगणना पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स मंडळींचा ७ जानेवारीला आणि तिथल्या आर्मेनियन मंडळींचा १९ जानेवारीला. आणि सण नकोच म्हणणारेही भाविकच होते. इंग्लंडच्या प्युरिटन पार्लमेंटनं १६४७ साली नाताळ बंद केला. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९पासून तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. बायबलात ज्या दिवसाची आज्ञा नाही तो दिवस पवित्र कसा, हा त्यांचा सवाल होता. देहधारणावर मात्र त्यांचा कॅथलिकांइतकाच पक्का विश्वास होता.

खरी लढाई झाली ती वेगळ्याच प्रश्नावर. चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियात अरियस नावाचा एक धर्मगुरू होता. बुद्धिमान, तर्काला पक्का. तो म्हणे, देव एक आणि अनादी. तेव्हा पुत्र हा पित्यानं निर्माण केलेला असणार. सगळ्या सृष्टीत श्रेष्ठ, सगळ्यांच्या आधीचा, पण अखेर निर्मितच. ऐकायला हे सोपं आणि शहाणपणाचं वाटतं. देवाचा मोठेपणाही अबाधित राहतो, आणि सर्वशक्तिमान परमेश्वर गव्हाणीत पडून रडतो हे अवघड चित्रही टळतं. भांडण एवढं पेटलं की ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइननं निकिया इथं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बिशपांची परिषद बोलावली. परिषदेनं अरियसचं मत फेटाळलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असा निर्वाळा दिला.

अथनासियस हा तरुण डीकन आपल्या बिशपबरोबर त्या परिषदेला आला होता. पुढं तो स्वतः अलेक्झांड्रियाचा बिशप झाला आणि याच एका मुद्द्यापायी पाच वेळा हद्दपार झाला. त्याचं म्हणणं साधारण असं मांडता येईल. माणसाला फक्त उपदेशाची गरज असती, तर एखादा संदेष्टा किंवा देवदूत पुरला असता. तसे पूर्वी आलेही होते. पण माणसाचं दुखणं अज्ञानाहून खोल आहे. तो मरणाच्या स्वाधीन झाला आहे, आतून विरत चालला आहे. ज्यानं त्याला मुळात घडवलं त्यालाच तो पुन्हा घडवता येईल, आणि ते बाहेरून हुकूम सोडून होणारं काम नाही; मरणाऱ्या देहातच शिरावं लागेल. गव्हाणीतलं मूल देवाहून तसूभर जरी कमी असेल, तर माणूस आहे तिथंच राहिला. देव मनुष्य झाला तो मनुष्याला देवाच्या जीवनात वाटा मिळावा म्हणून, हा त्याच्या लिखाणाचा गाभा. पूर्वेकडच्या चर्चमध्ये आजही नाताळचा अर्थ सांगताना आधी हेच सांगतात. पापाची क्षमा त्यातच आली.

दुसऱ्या बाजूनंही ओढ होतीच. काहींना येशूचं देवपण मान्य होतं, देह नको होता. तो देह नुसता भास, असं ते म्हणत. देवाला घाम कसा येईल, वेदना कशी होईल? चर्चनं हेही नाकारलं. ४३१ साली एफिससच्या परिषदेत मरियेला देवमाता म्हणावं की नाही यावर खडाजंगी झाली आणि म्हणावं, असं ठरलं. वाद वरवर आईचा, मुळात मुलाचा होता. जन्मलेला तोच जर देव, तर त्याला जन्म देणारी देवमाताच. पुढं ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेनं सूत्र घालून दिलं: पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, मिसळ नाही आणि फारकतही नाही. हे कसं शक्य आहे, ते सूत्र सांगत नाही. दोन्हीकडचे उतार दाखवतं आणि मधे चालायला सांगतं.

मराठी वाचकाला इथं अवतार आठवणारच, आणि ते स्वाभाविक आहे. देव करुणेनं खाली उतरतो, भक्तासाठी रूप घेतो, ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली आहे. नाताळकडे यायला तो सोयीचा रस्ता आहे, फक्त शेवटपर्यंत तो पोचवत नाही. अवतार युगायुगांत होतात. देहधारण ख्रिस्ती श्रद्धेत एकदाच होतं. कैसर ऑगस्टसच्या अमदानीत ते सुरू होतं आणि पिलात नावाच्या रोमन सुभेदाराच्या निकालानं क्रूसावर जातं. अवताराचं काम झालं की रूप आवरतं घेता येतं. ख्रिस्तानं घेतलेला देह मात्र सोडलेला नाही: तो त्या देहानिशी उठला, त्या देहानिशी स्वर्गात गेला, असं भाविक मानतात. माणूसपण त्यानं कायमचं घेतलं आहे. आणि दुष्टांचा संहार करायला लागणारं शस्त्र इथं कुठंच दिसत नाही. हेरोद जिवावर उठतो तेव्हा हा देव लढत नाही. आईबाप त्याला उचलून रातोरात मिसरला पळतात.

मराठीत ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वी ओवीत आली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत राहिला, आणि १६१६ साली राशोलला त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताची. मुखपृष्ठावरच्या पोर्तुगीज नावाचा रोख तारणारा जगात आला यावर होता, म्हणजे सारा ग्रंथ त्यानं आगमनाभोवतीच उभा केला. पुढं नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं. १९१९ साली ते गेले तेव्हा ते अपुरं होतं आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढं नेलं. देवाला बाळ म्हणून जोजवायला मराठी भक्तिपरंपरेला अडखळावं लागत नाही, याचा या मंडळींना केवढा आधार झाला असेल! ग्रीक तत्त्वज्ञांना जे पचायला जड गेलं, ते ओवीला सहज पेललं.

आता लूककडे वळू. त्याची कथा सुरू होते सम्राटाच्या हुकमानं. हा ऑगस्टस साधासुधा नव्हे. त्याला देवपुत्र म्हणत, जगाचा तारणारा म्हणत. आशिया मायनरमधल्या प्रिएने इथं इसवी सनापूर्वी ९ सालचा एक शिलालेख सापडला आहे. ऑगस्टसचा जन्मदिवस जगासाठी शुभवार्तेचा आरंभ ठरला, म्हणून वर्ष त्याच दिवसापासून मोजावं, असा त्याचा आशय. तारणारा, शुभवार्ता, शांती ही सगळी सरकारी भाषा होती. लूकचा देवदूत हीच भाषा उचलतो आणि ती रात्री उघड्यावर मेंढरं राखणाऱ्या माणसांपुढं बोलतो. तारणारा जन्मला आहे. खूण विचाराल तर राजवाड्यात जाऊ नका, जनावरांच्या गव्हाणीत बघा. त्याआधी मरियेनं एक गीत गाइलेलं असतं. त्यात देव सत्ताधीशांना आसनावरून खाली ओढतो, दीनांना उचलतो, भुकेल्यांना पोटभर देतो आणि धनवानांना रिकाम्या हातानं परत पाठवतो. नाताळ म्हणजे गोड गोजिरवाणा सण, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते गीत एकदा सावकाश वाचावं.

लहान होण्याची ही गोष्ट बेथलेहेमच्या दगडांतही उतरली आहे. कॉन्स्टंटाइनच्या काळात तिथल्या गुहेवर चर्च उभं राहिलं, सहाव्या शतकात ते नव्यानं बांधलं गेलं. आज आत जायचं दार जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. भिंत नीट पाहिली तर बुजवलेल्या मोठ्या कमानीची रेघ अजून दिसते. घोडे, गाड्या आत घुसू नयेत म्हणून दार लहान केलं, असं सांगतात. भाविकांनी त्याला नम्रतेचं दार करून टाकलं. वाकल्याशिवाय कुणालाच आत जाता येत नाही. खाली गुहेत संगमरवरी फरशीत चौदा टोकांचा चांदीचा तारा बसवलेला आहे, जन्माची जागा म्हणून. त्या जागचा आधीचा तारा १८४७ साली चोरीला गेला. त्यावरून कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स यांच्यात, म्हणजेच पर्यायानं फ्रान्स आणि रशिया यांच्यात जे बिनसलं, ते क्रिमियन युद्धाच्या कारणांपैकी एक ठरलं. शांतीच्या राजपुत्राच्या जन्मस्थानावरून युद्ध! दार लहान करून माणसं लहान होत नाहीत.

गव्हाणीकडे पुन्हा नीट बघायला लावलं ते संत फ्रान्सिस असिसीकरानं. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात त्यानं नाताळच्या पंधरा दिवस आधी जोव्हान्नी नावाच्या एका ओळखीच्या सद्‌गृहस्थाला निरोप धाडला: गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव तयार ठेव. बाळाची कशी गैरसोय झाली ते मला या डोळ्यांनी बघायचं आहे. त्या रात्री मशाली घेऊन गाव डोंगरातल्या त्या जागी जमलं. आज देखाव्यांचा उगम म्हणून ही घटना सांगतात, पण तिच्यातलं मर्म निसटतं. फ्रान्सिसनं त्या गव्हाणीवरच मिस्सा अर्पण करवली. जनावरं जिथं खातात तिथं बाळ, आणि तिथंच भाकरीचा संस्कार. जो जन्मला तो अन्न व्हायला आला, हे त्याला दाखवायचं होतं. बैल आणि गाढव शुभवर्तमानात नाहीतच. ते आलेत यशया संदेष्ट्याकडून. बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला आपली गव्हाण कळते, माझ्या लोकांना मात्र कळत नाही, अशी देवाची तिथं तक्रार आहे. देखाव्यातली ती दोन गरीब जनावरं अशी आपल्याला टोचायला उभी आहेत.

गोव्यात, वसईत घरोघर गोठा करतात. काही घरांत आठ-दहा दिवस आधी ताटलीत नाचणी किंवा गहू पेरतात. बोटभर कोंब आले की ते गोठ्याभोवती मांडायचे, हिरवं रान तयार. मरिया, योसेफ, मेंढपाळ आधीच जागेवर असतात. बाळाची मूर्ती मात्र बऱ्याच घरांत कपाटात असते. गव्हाण २४च्या रात्रीपर्यंत रिकामीच ठेवायची.

ती रिकामी गव्हाण म्हणजे आगमनकाळ. नाताळच्या आधीचे चार रविवार. धर्मगुरूचा झगा जांभळा, मिस्सेतलं गौरवगीत बंद, लोक पापनिवेदनाला रांगेत. गोव्यात पापनिवेदनाला कुमसार म्हणतात. गंमत अशी, की पहिल्या रविवारी वाचन असतं ते जगाच्या अंताचं. वाट बघायची ती होऊन गेलेल्या जन्माची नव्हेच. तो तर झाला. बाराव्या शतकात क्लेरव्होच्या बर्नार्डनं याची उकल केली होती. ख्रिस्ताचं येणं तीन प्रकारचं: एक देहात, होऊन गेलेलं, एक काळाच्या शेवटी, व्हायचं असलेलं, आणि या दोहोंच्या मधलं, कुणाला न दिसणारं, माणसाच्या आत. नाताळ दरवर्षी येतो तो या मधल्या येण्यासाठी. डीट्रिख बॉनहोफर हा जर्मन धर्मशास्त्रज्ञ १९४३च्या नोव्हेंबरात हिटलरच्या तुरुंगात होता. तिथून त्यानं मित्राला लिहिलं, की कोठडी हे आगमनकाळाचं बरं चित्र आहे: माणूस आत काहीबाही करत राहतो, आशा धरतो, पण दार उघडतं ते बाहेरूनच. १९४५च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिलं.

सणाच्या या बाजूकडे कानाडोळा करून चालत नाही. पूर्वेकडच्या जुन्या जन्मचित्रांत बाळाची गव्हाण शवपेटीसारखी दगडी आणि चौकोनी रंगवलेली असते, दुपटी कफनासारखी घट्ट, मागं गुहेचा काळोख. चित्रकाराचा हात चुकलेला नाही. ज्ञानी लोकांनी आणलेल्या भेटींतला बोळ त्या काळी प्रेताला लावत. कॅथलिक पंचांगात नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दगडांनी ठेचून मारलेल्या स्तेफनाचा सण येतो आणि २८ला हेरोदानं कापून काढलेल्या बालकांचा. बक्षिसांचे कागद अजून जमिनीवर पडलेले असतात तोवर चर्च रक्ताची आठवण काढतं. देव माणसाच्या जगात आला तर जगानं त्याचं काय केलं, हे लपवून ठेवलेला नाताळ पोकळ होतो. ज्यांच्या घरात वर्षभरात मृत्यू झालेला आहे, त्यांना हे इतरांच्या आधी उमगतं.

मग खाणंपिणं, नवे कपडे, रोषणाई हा सगळा अडथळा समजायचा का? दर डिसेंबरात तसं सांगणारी प्रवचनं होतात. मला ती अर्धवट वाटतात. देवानं देह घेतला असेल, तर देहाचा आनंद या सणाबाहेरचा कसा ठरेल? फ्रान्सिसच्या चरित्रात एक प्रसंग आहे. एकदा नाताळ शुक्रवारी आला. शुक्रवारी मांस वर्ज्य. मग काय करायचं, अशी त्याच्या संघातल्या भावांमध्ये चर्चा सुरू झाली. आयुष्यभर उपास काढलेला तो माणूस मोरिको नावाच्या भावावर चक्क रागावला. आजच्या दिवशी भिंतींनीसुद्धा मांस खावं, म्हणाला, आणि त्यांना खाता येत नसेल तर ते त्यांना बाहेरून फासा! सम्राट भेटला तर त्याच्याकडे मागणार होता, की या दिवशी रस्तोरस्ती पाखरांसाठी दाणे टाकायला लावा, बैलांना, गाढवांना जादा वैरण द्या आणि श्रीमंतांनी गरिबांना जेवू घालावं. गोव्यात त्या दिवसांत नेवऱ्या, दोदोल, बिबिंक यांचं कुस्वार ताटात भरून, वर विणलेला रुमाल घालून शेजारच्या हिंदू घरी पोचतं. चतुर्थीला त्याच घरातून करंज्या आलेल्या असतात.